जमा म्हणण्याआधी

इस्पितळाच्या कागदखोलीत मी एकतीस वर्षं काढली आणि माझ्या हातून एक फाइल हरवली नाही, हे आमच्या घराच्या भिंतीसुद्धा सांगतील. मुलगा सांगतो, सून सांगते, शेजारीपाजारी सांगतात. मीही सांगत आले. एक फाइल हरवली होती. ते मी कुणाला बोलले नव्हते आणि बोलणारही नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ का उघडावी लागली ते लिहिते आहे. माझं शिक्षण चौथी. ज्याला अक्षराला नावं ठेवायची असतील त्यानं आधी एकतीस वर्षं शिडी चढून दाखवावी.

कागदखोली तळघरात होती. छताला टेकलेल्या लोखंडी फळ्या, एक सरकती शिडी, आणि हरेक रोग्याची एक फाइल, कडेला नंबर. वरून फोन यायचा, नंबर सांगायचे, आणि त्यांनी फोन ठेवून नाक शिंकरेपर्यंत फाइल टेबलावर हजर. डॉक्टर मला ‘वीजबाई’ म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे, पण गरज पडली की ‘वीजबाई’च म्हणावं लागायचं. शिकल्यासवरलेल्या कितीतरी आल्या नि गेल्या. अक्षर मोत्यासारखं, पायात मात्र शिसं.

मग कागद गेले. फळ्या भंगारात गेल्या, मी घरी बसले, आणि दोन वर्षांनी माझी सून त्याच तळघरात कामाला लागली. ती कॉम्प्युटरवाली. मुलगा बसगाड्या दुरुस्त करतो, त्याची नखं कायम काळी; हिची नखं बघून मी लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं, घरात एक तरी स्वच्छ माणूस येतंय. माझ्या जागी आता काय आहे ते कळावं म्हणून पहिल्याच महिन्यात मी तिला विचारलं, “फाइली कुठं ठेवतेस गं?”

“कपाटात, आई.”

“कसलं कपाट? लोखंडी?”

“कपाट नाहीचे. पूर्वी साठवणीचं वेगळं मोठं यंत्र असायचं. आता साधे तीन सर्व्हर आहेत, आणि त्यांच्या आत एक प्रोग्रॅम चालतो. तो तिघांच्या डिस्का एकत्र धरतो आणि बाकी सगळ्यांना सांगतो, मी कपाट आहे, द्या माझ्याकडे.”

“आणि ते देतात?”

“देतात. त्यांना खरंच कपाट दिसतं.”

“म्हणजे सोंग.”

“सोंगच. पण नीट वठवलं तर खऱ्यापेक्षा कमी नाही.”

तेव्हापासून घरात त्याचं नाव सोंग्या पडलं. मुलगा कामावरून आला की आधी विचारायचा, “काय, सोंग्याची तब्येत कशी आहे?” आणि तब्येत बरी नसायचीच. सोंग्या मंद होता. मोडक्या हाडाचा माणूस टेबलावर कण्हतोय, आणि डॉक्टर रिकाम्या पडद्याकडे बघत उभा, एक्स-रे काही उमटत नाही. वरून तळघरात फोनावर फोन. सून घरी यायची तेव्हा तिचा चेहरा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा.

एकदा ताटावर बसून ती सांगायला लागली. सोंग्या स्वतःही त्या यंत्रांत भाडेकरूच. औषधांचा प्रोग्रॅम तिथेच, हजेरीचा तिथेच, स्वयंपाकघराच्या याद्यांचाही तिथेच. सगळे एकाच मेमरीवर तुटून पडतात, आणि सगळ्यांचं सांभाळणाऱ्या सोंग्याच्या वाट्याला उरलंसुरलं.

मी म्हटलं, “वाढणारी उपाशी, आणि वर तीच हळू वाढते म्हणून बोलणी. नवीन काय त्यात? तिचं ताट आधी काढून झाकून ठेव की.”

दुसऱ्या दिवशी तिनं सोंग्याची मेमरी राखून ठेवली, बाकी कुणी हात लावायचा नाही. मग कळलं की आधीच्या माणसानं प्रत्येक बदलाआधी सगळ्याची एक नक्कल खूण म्हणून काढलेली, दोन दिवसांत पुसायची ती दीड वर्ष तशीच, आणि साधा कागद वाचायलाही सोंग्याला त्या सगळ्या खुणा ओलांडून जावं लागायचं. त्या पुसल्या. मग मी तिला माझी रोजची फळी सांगितली. या आठवड्यात ज्यांना बोलावलंय त्यांच्या फाइली मी दाराजवळ, कमरेच्या उंचीवर लावायचे. मेलेले आणि गाव सोडून गेलेले छताला. तिनं चालू रोग्यांचे फोटो वेगळ्या वेगवान डिस्कांवर आणले. वाचायचं काम झपाट्यानं होऊ लागलं. मी शेजारणीला सांगितलं, माझ्यावाचून त्या इस्पितळाचं अजून पान हलत नाही. खोटं होतं का?

लिहायचं काम मात्र रखडलेलंच. नवीन स्कॅनचं यंत्र आलं होतं, ते एकेका माणसाचे शेकडो फोटो ओतायचं, आणि ते साठवता साठवता सोंग्याला धाप लागायची. सून म्हणायची, एक छोटी खास डिस्क हवी, स्वतःची बॅटरी असलेली. साहेबांकडे अर्ज देऊन तीन महिने झाले होते. साहेबांचं म्हणणं, आहे त्यात करा.

आणि एका सोमवारी सोंग्या पळायला लागला.

स्कॅन संपायच्या आत फोटो जमा. साहेब स्वतः तळघरात उतरले. वीस वर्षांत ते उतरले नव्हते, माझ्या वेळी तर जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच हाक मारायचे. सुनेला म्हणाले, “तुमच्या सासूबाईंना इथे वीज म्हणायचे. तुम्ही दुसरी वीज.” पहिल्या तारखेपासून सगळं कॉम्प्युटर खातं तिच्या हाताखाली द्यायचं ठरलं.

मला किती आनंद झाला ते सांगत नाही. मी मोठ्यानं काही म्हणत नसते. ताबडतोब गेले आणि राखाडी लोकरी कापड आणलं, कोटासाठी. खातेप्रमुखीण काय बाहीला गोळे आलेला कोट घालून बसणार? कापड घेतलं आणि शिंपिणीकडे गेले.

आमच्या घरातला एकूण एक कपडा बावीस वर्षं तीच शिवते. तिच्या दुकानाच्या दाराला घंटा नाही. बटण दाबलं की आत एक पिवळा दिवा लागतो. मशीन भिंतीकडे तोंड करून, आणि समोर आरसा, त्यात दार दिसतं. तिला ऐकू येत नाही. ओठ वाचते. स्वतःचा आवाजही तिला ऐकू येत नसल्यामुळे कधी कुजबुजल्यासारखी बोलते, कधी रस्त्यापलीकडे जाईल अशी.

“कुणाला कोट?”

“सुनेला. मोठी साहेबीण होतेय.”

“सावकाश, वीजबाई. तुमचे ओठपण पळतात.”

“सु-ने-ला. सा-हे-बीण.”

“चांगली पोर आहे,” ती म्हणाली. “परवा पडदे न्यायला आली तेव्हा माझ्याकडे तोंड करून बोलत होती. नाहीतर लोक खाली बघून बोलतात नि मग म्हणतात, हिला कळत नाही.” तिनं कापड बोटांत चोळलं, जुना कोट मापाला ठेवून घेतला. “हातात दोन कामं आहेत. आठ दिवसांनी कापते. तुमचं काम म्हणजे वेळेत हवं, नाहीतर दुकान डोक्यावर घ्याल. घेतलंत तरी मला काय!” आणि हसली. हा तिचा नेहमीचा विनोद. मी नेहमीसारखी हसले.

ती बहिरी आहे ती माझ्यामुळे.

तेवीसेक वर्षांपूर्वी वरच्यांना खूळ लागलं होतं: वॉर्डातून परतलेल्या फाइली किती वेळात जमा होतात ते मोजायचं. आमचं एक जाडजूड रजिस्टर होतं. फाइल फळीवर आपल्या जागी गेली की मग नंबरापुढे ‘जमा’ लिहायचं, हा नियम. नियम बरोबर होता. पण गठ्ठा लावायला दीड तास लागायचा आणि तोवर रजिस्टर कोरं दिसायचं. मी युक्ती काढली. गठ्ठा दारात हातात आला की सगळ्या नंबरांपुढे लगेच ‘जमा’. फाइली कुठं पळतायत, हातातच तर आहेत, लावू मागून. माझा वेग बघून लोक थक्क. ‘वीजबाई’ हे नाव त्या वर्षी पडलं.

एका गुरुवारी सकाळी चाळीसेक फाइलींचा गठ्ठा आला. ‘जमा’ लिहिलं, गठ्ठा फळीच्या कडेला टेकवला, वरून बोलावणं आलं म्हणून गेले. परत येऊन लावला. मधल्या वेळात एक फाइल फळी आणि भिंतीच्या फटीत घसरली होती. मोजल्या असत्या तर कळलं असतं. एकदा ‘जमा’ लिहिलेलं पुन्हा कोण मोजतं?

संध्याकाळी पाचनंतर शिंपिणीला तापात बेशुद्ध आणलं. पाळी ठेंगणीची होती. माझी जोडीदारीण, उंचीनं कमी म्हणून सगळे ठेंगणी म्हणायचे. रजिस्टर म्हणत होतं, तिची फाइल सकाळी अकरालाच जमा. फळीवर नाही. ठेंगणीनं अर्धा तास शिडी वरखाली केली. डॉक्टर किती थांबणार? नवीन फाइल काढली आणि इंजेक्शनं सुरू केली. जुन्या फाइलीत लाल शाईनं लिहिलेलं होतं की हे इंजेक्शन या बाईला देऊ नये, कान जातील. नऊ दिवसांत गेले.

चौकशी झाली. सकाळी जमा, संध्याकाळी गायब, म्हणजे ठेंगणीच्या पाळीत हरवली. तिला धुलाईखात्यात पाठवलं. निवृत्तही ती तिथूनच झाली, आणि तीन वर्षांपूर्वी गेली. सात महिन्यांनी रंगकामासाठी फळ्या सरकवल्या तेव्हा फाइल माझ्याच पायाशी पडली. मी तिच्यावरची धूळ पुसली आणि तिच्या जागी ठेवून दिली. कुणी बघितलं नाही. तेव्हापासून आमच्या घरचे सगळे कपडे शिंपिणीकडे. लोक म्हणतात, वीजबाई तोंडाची तिखट पण माणुसकी धरून आहे.

तर रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. सून खुशीत होती. मुलगा म्हणाला, “पण सोंग्याला पाजलंस तरी काय? तीन महिने लंगडत होता.”

“काही नाही, एक सेटिंग बदललं. आधी कसं, फोटो आला की सोंग्या तो दोन यंत्रांवर लिहायचा, दोन्ही डिस्का ‘लिहिलं’ म्हणेपर्यंत थांबायचा, आणि मग स्कॅनच्या यंत्राला सांगायचा, झालं. त्यातच वेळ जायचा. आता फोटो हातात आला की लगेच ‘झालं’ म्हणतो. लिहितो मागून, सवडीनं.”

मी घास ताटात परत ठेवला.

“आणि मधेच वीज गेली तर?” मी विचारलं.

“बॅटऱ्या आहेत, जनरेटर आहे.”

“तरी गेली तर?”

“तर त्या पाच-दहा सेकंदांतलं जाईल. पण जात नाही हो, आई. नवी डिस्क आली की परत पूर्वीसारखं करणारच आहे.”

“आणि स्कॅनचं यंत्र? ते आपली प्रत ठेवतं?”

“‘झालं’ म्हटल्यावर ते पुसून टाकतं. ठेवेल कशाला?”

मी म्हटलं, “हे बंद कर.”

“का?”

का, ते माझ्या घशात होतं. बाहेर आलं ते दुसरंच. “कारण हे लबाडीचं आहे. शिकलीस एवढी नि अक्कल गहाण टाकलीस. साहेबानं पाठ थोपटली की मांजरीसारखी पाठ वर.”

“आई!” मुलगा म्हणाला. “सोंग्याशी तुझं काय वैर?”

सुनेनं ताट बाजूला सारलं. ती सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. “तुमचं बरं आहे. तुमच्या हातून आयुष्यात एक कागद हरवला नाही. वेगही तुमचा, बिनचूकपणाही तुमचा. आम्हाला दोन्ही जमत नाही. मी तीन महिने शिव्या खाल्ल्यात. डिस्क कुणी देत नाही आणि वेग सगळ्यांना हवा. मी काय करू, सांगा?”

आपल्याच हातानं बांधलेलं देऊळ आपल्याच डोक्यावर पडत होतं. उठले आणि भांडी घासायला घेतली.

चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. माझा अबोला म्हणजे घरात लोखंडी पडदा. मुलगा दाराशी बूट काढतानाच कानोसा घेतो. गुरुवारी ती त्याला सांगत होती की शनिवारी दुपारी इस्पितळाचा विजेचा मुख्य फलक बदलणार आहेत, जुन्यावरून नव्यावर जाताना क्षणभर दिवे जातील, बाकी काळजी नाही. मी ऐकलं. भाजी चिरत होते, ती चिरतच राहिले, नको एवढी चिरली.

मनात हिशेब सरळ होता. गप्प बसले तर माझं नाव राहतं, आणि कुणाचा तरी कागद त्या फटीत पडतो. कुणाचा ते मला कळणारसुद्धा नाही. शिंपिणीचा तरी मला कळला होता.

शुक्रवारी सकाळी मी इस्पितळात गेले. तळघराचा जिना मला डोळे मिटून उतरता येतो. खोली गार, घूं घूं आवाज, तीन यंत्रं, एक टेबल. जमिनीवर माझ्या फळ्यांच्या पायांचे डाग अजून तसेच होते, रांगेनं चौकोनी. ती फट कुठे होती तेही दिसलं. तिथं आता कचऱ्याची टोपली आहे.

“आई? घरी सगळं ठीक आहे ना?” सून घाबरून उठली.

“बस. मी बोलते ते मधे न बोलता ऐक. मधे बोललीस तर माझ्याच्यानं पुन्हा व्हायचं नाही.”

आणि सांगितलं. गठ्ठा, ‘जमा’, फट, लाल शाई, ठेंगणी, सात महिने, धूळ. माझ्या सांगण्यात रडणं नव्हतं. मला रडून सांगता येत नाही.

तिनं मग विचारलं, “कुणाची फाइल?”

“शिंपिणीची.”

तिचा हात आपोआप कॉलरवर गेला. अंगातला सदराही तिथलाच होता.

“कुणाला माहीत आहे?”

“तुला.”

तिनं खुर्ची फिरवली, पडद्याकडे वळली, काहीतरी उघडलं. कळ दाबण्याआधी एकदा थांबली. मग दाबलं. एवढंच. दहा मिनिटांत फोन वाजला.

“हो, मंद झालंय,” ती म्हणाली. “बिघाड नाही. मी केलंय.”

फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, “फाइल सापडल्यावर तुम्ही तसंच ‘जमा’ लिहीत राहिलात?”

“छे! दुसऱ्याच दिवशी दाराशी लोखंडी पेटी ठेवली, कुलपाची. गठ्ठा आला की मोजून पेटीत, आणि रजिस्टरात ‘पेटीत’ असं लिहायचे. पेटीतून फळीवर दिवसभरात. पेटीला फट नव्हती. आग लागली असती तरी पेटी राहिली असती. वरच्यांना घड्याळ थांबलेलं दिसायचं, तेही खूश.”

“मी मागतेय ती डिस्क म्हणजे हीच पेटी,” ती म्हणाली. “छोटी, वेगवान, वीज गेली तरी आतलं न विसरणारी. आधी तिच्यात लिहायचं, मग खरं ‘झालं’ म्हणायचं, मग सावकाश फळीवर.” तिनं टेबलावरचा अर्ज उचलला. “मी वर जाऊन येते. तुम्ही थांबा.”

मी तासभर सोंग्यासमोर बसले. दिवे लुकलुकत होते. ती परत आली तेव्हा तिचे कान लाल होते.

“काय म्हणाला?”

“म्हणाले, म्हणजे अकरा दिवस तुम्ही आम्हाला फसवलंत? मी म्हटलं, हो. इस्पितळाला फसवलं, रोग्यांनाही. उद्या फलक बदलायच्या आधी थांबवलंय. डिस्कच्या अर्जावर सही केली. आता माहीत नव्हतं म्हणता येणार नाही ना त्यांना.” मग कागद सरळ करत म्हणाली, “पहिल्या तारखेचं राहू दे म्हणाले.”

“माझं नाव सांगितलंस?”

“नाही. ते माझं सांगायचं नाही.”

शनिवारी दुपारी दिवे गेले. बॅटऱ्यांची एक रांग जुनी निघाली आणि सोंग्याची दोन यंत्रं एकाच वेळी खाली बसली. सात मिनिटांनी उठली. सून घरी आली ती थेट स्वयंपाकघरात माझ्याजवळ. “त्या क्षणी चौदा जणांचे फोटो चालले होते. बारा लिहून झाले होते, बाराच्या बारा मिळाले. दोघांना सोंग्यानं ‘झालं’ म्हटलं नव्हतं, म्हणून स्कॅनच्या यंत्रानं आपली प्रत ठेवली होती. ते त्यानं स्वतःहून परत पाठवले.”

“कुणाला कळलं?”

“काही झालंच नाही, तर कळणार काय?”

मुलगा आत आला, म्हणाला, “अबोला सुटला वाटतं. कुणी माघार घेतली?” आम्ही दोघींनी त्याला हात धुवायला पिटाळलं. पंधरवड्यानं डिस्क आली. सोंग्या आता बऱ्यापैकी चालतो, त्या अकरा दिवसांइतका पळत नाही.

पण हे पुढचं. त्या रविवारी सून मला म्हणाली, “शिंपिणीकडे कापड दिलंयत ना? मला कोट नको आता.”

“मग परत आणते.”

“आणा,” ती म्हणाली. “फक्त कापडच आणणार का?”

माझ्याशी असं कुणी बोललेलं मी खपवून घेत नाही. घेतलं.

सोमवारी जाऊन बटण दाबलं, पिवळा दिवा लागला, आरशात तिनं मला पाहिलं. कापड तिनं टेबलावर पसरलेलंच होतं, कात्री शेजारी. “वेळेत आलात. आत्ताच कापणार होते.”

मी बोलायला लागले. ओठ हलले, पण ते माझ्या ताब्यात नव्हते.

“सावकाश, वीजबाई. काही कळत नाही.”

पुन्हा बोलले. तिनं मान हलवली. कागद कुठं दिसेना, म्हणून मी तिचा पांढरा खडू उचलला आणि त्या राखाडी कापडावरच लिहिलं. माझं अक्षर मोठं आणि वाकडं, दोन ओळींतच पाठीचा भाग भरला. ‘तुझी फाइल माझ्या हातून हरवली. न ठेवता जमा लिहिलं.’

तिनं वाचलं. ओठ हलवत वाचलं, मग बोटानं एकेक अक्षर धरून पुन्हा.

“इंजेक्शनवाली?”

मी मान हलवली.

“ठेंगणीनं नाही?”

मी मान हलवली.

ती कात्रीकडे बघत होती. मग एकदम मोठ्या आवाजात, रस्त्यापलीकडे जाईल असं, म्हणाली, “तिनं दोनदा निरोप पाठवला होता मला, भेटायला येते म्हणून. मी येऊ दिलं नाही. तिच्या मयतालासुद्धा गेले नाही मी.”

मला म्हणायचं होतं, मी गेले होते. ते खरं होतं, आणि त्याहून वाईट होतं. म्हटलं नाही.

तिनं कापड घडी केलं, लिहिलेलं आत राहील असं, चारी कोपरे जुळवून, जशी गिऱ्हाइकाला तयार कपडा देताना करते. वर जुना कोट ठेवला आणि माझ्या हातांत दिलं.

“हे मी शिवणार नाही.”

एवढंच म्हणाली, या वेळी अगदी हळू. दिवा पुन्हा लागला, कुणी दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. तिनं आरशात पाहिलं आणि माझ्या बाजूनं वाट काढत दाराकडे गेली.

घरी आल्यावर सुनेनं माझ्या हातातलं कापड पाहिलं. ते आता माझ्या कपाटात आहे, खऱ्या, लोखंडी. खडू ब्रशच्या दोन फटक्यांत जातो, हे बावीस वर्षं शिवून घेणारीला कुणी सांगायला नको. मी कापड झटकलेलं नाही.